नळ येऊन गेले

सहावीतल्या नातीला शाळेतून गृहपाठ मिळाला. दहा सोपे इंग्रजी शब्द घ्यायचे आणि त्यांचे अर्थ आपल्या मनाने, सोप्या इंग्रजीत लिहायचे. वही माझ्याकडे आली तेव्हा मला वाटलं, चहा गार व्हायच्या आत उरकेल.

पहिलाच शब्द ‘गेट’. नव्याने इंग्रजी शिकणाऱ्यांच्या कोशातला अर्थ मी सांगितला: भिंतीला किंवा कुंपणाला असलेलं, उघडता-लावता येणारं दार.

“आणि पैठण गेट, आजोबा?”

झाली पंचाईत! बावन्न दरवाज्यांचं शहर म्हणून आमची ख्याती. पण पैठण गेटला ना भिंत उरली, ना ते उघडत-मिटत. रिक्षावाले त्याला वळसा घालून जातात. शिवाय हिची आई “पैठण गेटला जाऊन येते” म्हणते तेव्हा ती कमान बघायला निघालेली नसते. परतताना दोन पिशव्या हातात असतात. भडकल गेट तर मलिक अंबरने मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून १६१२ साली उभारलं. त्यात दार कमी, मिशीला पीळ जास्त.

सोपा शब्द समजावताना भल्याभल्यांची फेफे उडते. डॉ. जॉन्सननी १७५५ च्या आपल्या कोशात विणलेल्या जाळ्याचा अर्थ असा काही दिला, की वाचणाराच त्यात अडकावा. उलट मायकेल वेस्ट. हे इंग्रज गृहस्थ ढाक्याला शिक्षक घडवायचं काम करत. पुढे १९३५ साली एंडिकॉट यांच्यासह त्यांनी कोश काढला. चोवीस हजारांच्या आसपास नोंदी, आणि त्या उलगडायला मोजून १,४९० शब्द! महिनाअखेरीला घर चालवणाऱ्या बाईची काटकसर आहे ही. मला हा माणूस फार जवळचा वाटतो.

पण वेस्टसाहेबांनाही आमच्या गल्लीत घाम फुटला असता. कारण दुसरा शब्द होता ‘टॅप’. कोश म्हणतो, फिरवला की पाणी येतं. आमच्या सिडकोत फिरवला की आधी नुसतं फुस्स होतं. इथे पाणी येतच नाही, ‘नळ’ येतात. “आज नळ आहेत का?” “छे, परवा येऊन गेले.” लांबच्या मावशीबद्दल बोलावं तसं. तिकडे पैठणला नाथसागर अथांग पसरलेला, आणि इकडे पाहुण्यांना ‘राहायला या’ म्हणण्यापूर्वी नळाचा वार मोजणारी घरं. त्यात आमचंही एक.

मी हे सगळं मनात घोळवत बसलो तोवर नातीने लिहूनही टाकलं. “बघा हो, बरोबर आहे का.”

‘टॅप इज अ गेस्ट. इट कम्स आफ्टर मेनी डेज. मदर गेट्स अप ॲट फोर.’

सगळे मिळून चौदा शब्द. कोशकाराने टोपी काढावी.

शेवटच्या वाक्यातलं ‘गेट’ पैठणचं नव्हे, निराळं, हे मला तिला सांगायचं होतं. पण राहू दिलं. अजून आठ शब्द बाकी होते, आणि त्यांत ‘टुमॉरो’ होता.