रजिस्टरही हवं आणि ॲपही हवं म्हणणाऱ्या साहेबांस

साहेब,

या पत्रात तुमचं नाव नाही, कारण तुम्ही एक नाही. तालुक्याला आहात, जिल्ह्याला आहात, मुंबईत आहात आणि दिल्लीतही आहात. आदेश मात्र सगळ्यांचा सारखाच: 'नोंद ॲपवर करा, आणि रजिस्टरही अद्ययावत ठेवा.' आरोग्यसेविका आणि आशाताईंचा वेळ या आदेशानं खाल्ला आहे आणि त्याचा जाब तुम्हाला कुणी विचारत नाही. म्हणून मी विचारतो.

आमच्या उपकेंद्रावरचं लसीकरण सत्र मी बसून पाहिलं आहे. सिस्टर बाळाच्या मांडीत पेंटा लसीची सुई देतात. मग माता-बाल संरक्षण कार्डावर तारीख लिहितात, टॅली शीटवर रेघ ओढतात, आरसीएच रजिस्टरातलं पान शोधतात आणि शेवटी मोबाइल काढून यू-विन या लसीकरण पोर्टलवर तेच बाळ, तीच लस आणि तीच तारीख भरतात. बाळ रडतं, आईच्या खांद्यावर शांतही होतं, तरी नोंद चालूच असते. आई विचारते, "रात्री ताप आला तर काय देऊ?" सिस्टरची नजर स्क्रीनवर, चाक गोल गोल फिरतंय. ती बाई तोच प्रश्न पुन्हा विचारते. पेंटा दिल्यावर ताप येऊ शकतो, त्यानं घाबरायचं नाही, हे त्या आईला नीट कळलं नाही तर पुढच्या डोसला ती येत नाही. तुमच्या पोर्टलवर ते बाळ 'ड्यू' दिसेल. ते का आलं नाही, हे त्यावरून कळणार नाही.

आता आशाताईंकडे या. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक, म्हणजे बीपी-शुगरसारख्या आजारांची जोखीम मोजणारा फॉर्म त्यांना भरायचा असतो: तंबाखू खाता का, दारू घेता का, कमरेचा घेर किती, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का. चारच्या वर गुण आले की त्या माणसाला आधी तपासणीला आणायचं. योजना उत्तम आहे, मी तिच्या बाजूचा आहे. पण हा फॉर्म आधी कागदावर, मग ॲपवर, आणि त्यात आभा हे आरोग्य ओळखीचं कार्ड काढायचं तर ओटीपी. आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा, आणि नवरा ऊसतोडीला परजिल्ह्यात. आशाताई दारात उभी राहून त्याला फोन लावते. तो फडात असतो, उचलत नाही. उचलला तर ओटीपी मागणाऱ्या बाईवर विश्वास ठेवत नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण ओटीपी कुणाला सांगू नका हे त्याला बँकेनंच शिकवलंय. दुसऱ्या दिवशी गटप्रवर्तकाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी पडते: 'आभा प्रलंबित, खुलासा द्या.' खुलासा तुम्ही द्यायला हवा.

यंत्राशी माझं भांडण नाही. आरोग्य केंद्रांची आकडेवारी गोळा करणारं एचएमआयएस 2008 मध्ये आलं, क्षयरुग्णांसाठी निक्षय 2012 मध्ये आलं, आरोग्यसेविकांच्या हाती टॅब देणारं अनमोल 2016 मध्ये आलं. क्षयरोगी गाव बदलतो, औषध मध्येच सुटतं. अशा वेळी त्याची नोंद त्याच्या मागे जाणं जीव वाचवणारं आहे. अनमोल आणताना तर कागदी काम कमी होईल असंच सांगितलं होतं. टॅब आले, रजिस्टरं राहिली. प्रत्येक कार्यक्रमाचं ॲप वेगळं, लॉगिन वेगळं, पासवर्ड वेगळा, आणि तेच नाव, तेच वय, तोच पत्ता प्रत्येक ठिकाणी पुन्हा. मदतनीस म्हणून पाठवलेल्या या यंत्राची चाकरी आता माणसं करताहेत.

अंगणवाडी सेविकांनी 2021 मध्ये राज्यभर सरकारी मोबाइल परत केले, तेव्हा तरी तुम्ही ऐकायला हवं होतं. फोन हँग होत होते, त्यातलं पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत होतं. त्या बायका कामाला नाही म्हणत नव्हत्या, निकामी हत्याराला नाही म्हणत होत्या. तुम्ही मात्र त्याला 'तंत्रज्ञानाची भीती' म्हणता. ज्या बाईनं कोविडच्या पहिल्या लाटेत साध्या मास्कवर घरोघर जाऊन ऑक्सिमीटर लावला, तिला भीतीबद्दल तुम्ही शिकवू नका.

हा रोग फक्त आपला नाही. अमेरिकेत डॉक्टरांच्या कामाचं निरीक्षण करून 2016 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णासमोरच्या एका तासामागे जवळजवळ दोन तास संगणकावर आणि टेबलावरच्या कामात जात होते. तिथे आता डॉक्टर-रुग्णाचं बोलणं ऐकून टिपण तयार करणारे एआय सहायक वापरात येऊ लागले आहेत. ते मराठीतही येतील, यायला हवेत. आशाताई पाळण्याशेजारी बसून 'वजन अडीच किलो, दूध ओढतंय, नाळ कोरडी' एवढं बोलली आणि फॉर्म भरला गेला, तर मी त्या यंत्राला हात जोडीन. पण तेही तुम्ही डोळे मिटून आणाल, ही माझी धास्ती आहे. व्हिस्पर नावाच्या प्रसिद्ध श्रुतलेखन प्रणालीवरच्या 2024 मधल्या अभ्यासात सुमारे एक टक्का ध्वनिफितींच्या लेखनात कुणी न बोललेली वाक्यं आढळली. तीही इंग्रजीत. आमच्याकडे आई अहिराणी बोलेल, कोरकू बोलेल, गोंडी बोलेल. न बोललेलं औषध कार्डावर चढलं तर जबाबदार कोण? तुमच्या आजवरच्या रिवाजाप्रमाणे सही करणारी आशाताई.

मदत कशी करायची हे पाहायला लांब जायला नको. किलकारी पाहा. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत आईच्या फोनवर दर आठवड्याला आवाजी निरोप येतो. साधा फोन चालतो, वाचता येण्याची गरज नाही, आणि आशाताईला त्यासाठी दर आठवड्याला काहीच भरावं लागत नाही. काम करणाऱ्या बाईचं काम कमी करतं ते यंत्र चांगलं, अशी माझी साधी कसोटी आहे. तुमची बहुतेक ॲप्स तिच्यावर नापास होतात.

आणि गडचिरोली पाहा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्याचे निष्कर्ष 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांतला नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला होता. त्या बायका नोंदी ठेवत होत्याच, पण नोंद बाळासाठी होती. बाळ गार पडलंय का, श्वास जोरात चालतोय का, दूध सोडलंय का, हे पाहून पुढे काय करायचं ते त्या नोंदीतून कळत होतं. आज तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई बाळाला भेटते ती पद्धत त्याच कामातून देशभर गेली. त्या भेटीतली दहा मिनिटं तुम्ही फोटो अपलोड करायला लावून घेता. धडगावात, भामरागडात, मेळघाटात रेंज नसते, म्हणून ती संध्याकाळी टेकडीवर चढून डेटा सिंक करते. स्वयंपाक ती परतल्यावर होतो, पोरं तिची वाट पाहतात, आणि तिला मिळतो तो पगार नव्हे, मोबदला.

रजिस्टर का बंद करत नाही, असं विचारलं की तुम्ही म्हणता, सर्व्हर बंद पडला तर? ऑडिटला काय दाखवू? म्हणजे तुमच्या ॲपवर तुमचाच विश्वास नाही, आणि त्या अविश्वासाची किंमत तुम्ही तिच्याकडून वसूल करता. ऑडिटला ॲपची छापील प्रत दाखवा. सर्व्हर बंद पडत असेल तर तो दुरुस्त करा, ते तुमचं काम आहे.

मुख्य मागणी एका ओळीची आहे: जी नोंद ॲपवर झाली, तिचं रजिस्टर बंद. जिथे ॲप चालत नाही, तिथे रजिस्टर चालेल आणि ऑनलाइन भरायला तालुक्याला डेटा ऑपरेटर बसेल. ओटीपीसाठी कुणाला खुलासा मागायचा नाही. सहीचा कागद काढण्याआधी एकदा सत्राला या, चटईवर बसा, एका बाळाची नोंद चारही ठिकाणी स्वतः करा.

एप्रिल जवळ आला की नव्या वर्षाची रजिस्टरं छापायला जातील. त्या छपाईच्या आदेशावर यंदा सही करू नका.