वैद्यकाका, तिसरी पाळी

चाकणच्या पट्ट्यात कंपनी जर्मन असो, जपानी असो, नाहीतर भोसरीच्या गल्लीतली दोन प्रेसची शेड असो, तिच्यात एक वैद्यकाका असतातच. हजेरीपटावर ते सीनियर ऑपरेटर असतात, पण खरा हुद्दा अख्ख्या शॉपला ठाऊक असतो. कुणी छातीवर मूठ चोळत आंबट ढेकर दिला की सुपरवायझरच्या आधी काका हजर.

त्यांची ओपीडी कंपनीच्या बसमध्ये भरते. निगडीहून निघालेली बस तळवड्याच्या चौकात अडकली की तपासणीला भरपूर वेळ मिळतो.

"जीभ काढ. रात्री काय हाणलंस?"

"मिसळ, काका."

"तर्री?"

"दोनदा मागितली."

"आणि झोप?"

"रूमवर आठ जण आहोत. चौघं ड्युटीला गेले की चौघं आडवे होतो."

क्वालिटी सर्कलमध्ये शिकवलेलं व्हाय-व्हाय अ‍ॅनालिसिस इतक्या मनापासून कुणी वापरलं नसेल. ढेकर का? पोटात आंबट झालं म्हणून. आंबट का? उपाशीपोटी चहा मारला म्हणून. उपाशी का? डबा आला नाही. डबा का नाही? मेसवाला पहाटे उठला नाही. का उठला नाही? रात्रभर त्याच्या छातीत जळजळत होतं! मूळ कारण सापडल्याच्या आनंदात काका मेसवाल्यालाही एक पुडी धाडून देतात.

काकांचं लॉकर ऑडिटला दाखवावं असं. वरच्या कप्प्यात मोरावळ्याची बरणी, तिच्यावर मार्करने ओढलेली लाल रेघ. मोरावळा रेघेपर्यंत उतरला की घरी ऑर्डर जाते. ही त्यांची कानबान. जुनी बरणी संपल्याशिवाय नवी उघडत नाही. त्याखाली धने-जिऱ्याची भरड, सब्जा, काळ्या मनुका, गुलकंद आणि कोकणातल्या एका फिटरने आणून दिलेली आमसुलं. प्रत्येक डबीवर लेबल: 'पि-1, उपाशीपोटी', 'पि-2, जेवणाआधी'. सगळ्यात खाली सेफ्टी शूज. त्यामुळे गुलकंदाला जरा वेगळाच वास येतो, पण रोगी तक्रार करत नाहीत.

हे ज्ञान आलं कुठून, असं विचारलं की काका थेट पिंपरीच्या इतिहासात शिरतात. वडील हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये होते. 1954 साली स्थापन झालेला हा सरकारी कारखाना. पिंपरीचं नाव देशभर गेलं ते पेनिसिलिनमुळे. "बाप दिवसभर पेनिसिलिन बनवायचा," काका सांगतात, "आणि आईने आम्हाला मोरावळ्यावर वाढवलं. दोघांचंही बरोबर होतं."

सगळेच उपचार असे गोडीगुलाबीचे नसतात. अविपत्तिकर चूर्णात त्रिफळा, सुंठ, मिरी, पिंपळी, लवंग यांच्याबरोबर निशोत्तर असतं, आणि निशोत्तराचं काम पोट साफ करणं. काकांनी एका नव्या ट्रेनीला पाव चमचा सांगितला होता. पोराने लवकर गुण यावा म्हणून दोन चमचे मारले, तेही पहिल्या पाळीच्या तोंडावर. असेंब्ली लाइनवर रिलीव्हर आल्याशिवाय स्टेशन सोडता येत नाही. रिलीव्हर चहाला गेलेला. पोराने आधी पाय बदलले, मग दिवा लावला, मग काहीही न लावता पळाला. लाइन थांबली. ब्रेकडाउनच्या रिपोर्टात मॅन, मशीन, मटेरियल, मेथड अशा चार कारणांपैकी एकावर खूण करायची असते. सुपरवायझरने बराच विचार करून 'मटेरियल'वर केली.

अंगातल्या उष्णतेसाठी काकांकडे काशाची वाटी आहे. जेवणाच्या सुट्टीत रेस्टरूमच्या बाकावर रोगी बसतो, बूट-मोजे उतरतात, आसपासची माणसं दोन बाकं मागे सरकतात. तळपायाला गाईचं तूप लावायचं आणि वाटी गोल गोल घासायची. थोड्या वेळात तूप करडं होतं, मग काळं, आणि पाऊल दुरुस्तीला आलेल्या गिअरबॉक्ससारखं दिसायला लागतं. काका तो पाय उचलून सगळ्यांना दाखवतात, "बघा, केवढी उष्णता होती!" एकदा लॅबमधला पोरगा मध्ये बोलला, "काका, कासं म्हणजे तांबं आणि कथील. तूप, घाम आणि घासणं एकत्र आलं की काळं होणारच." काकांनी त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "तुझंच डोकं जास्त तापलंय. बूट काढ." त्याने काढले. तूप काळं झालं. दोघांचंही म्हणणं सिद्ध झालं आणि पोरगा घोरायला लागला.

एका बाबतीत मात्र काका हात आखडता घेतात. जळजळ छातीतून डाव्या हातात उतरतेय, दरदरून घाम फुटलाय, असं दिसलं की बरणी उघडत नाहीत. "हे माझ्या खात्यातलं नाही," म्हणत गड्याला धरून कंपनीच्या दवाखान्यात नेतात आणि अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत हलत नाहीत.

त्यांचा खरा सीझन शरदात. आयुर्वेद सांगतो, पावसाळ्यात साचलेलं पित्त शरदात उसळतं. नेमकं तेव्हाच दसरा-दिवाळीच्या गाड्यांचं टार्गेट येतं आणि ओव्हरटाइम लागतो. वाग्भटाने दिवसाचा आणि रात्रीचा मधला भाग पित्ताचा म्हटलाय. तिसऱ्या पाळीचं झणझणीत जेवण बरोब्बर त्याच मुहूर्तावर वाढलं जातं. काकांना हे सगळं कळतं. नाशिक रस्त्याने पुढे गेलं की जुन्नर लागतं. तिथले म्हणून ओळखले जाणारे लोलिंबराज 'वैद्यजीवन'मध्ये बजावून गेलेत की पथ्य पाळणाऱ्याला औषधाची गरज नाही आणि न पाळणाऱ्याला औषधाचा उपयोग नाही. पण वेळेवर झोप, वेळेवर जेवण, चिडायचं नाही हे पथ्य कुठल्या शिफ्टमध्ये बसवायचं? म्हणून काका निमूट पुड्या बांधतात.

एकदा मात्र त्यांनी पथ्यालाच हात घातला. काइझेनच्या फॉर्मवर सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'पाळी दर आठवड्याला बदलू नये. तिसऱ्या पाळीला रस्सा बंद करून मऊ भात, मुगाचं वरण, तूप द्यावं.' अपेक्षित फायद्याच्या रकान्यात: 'ढेकर कमी, रिजेक्शन कमी.' कमिटीने शेरा मारला, 'सूचना स्तुत्य. अंमलबजावणी तूर्तास शक्य नाही.' उत्तेजनार्थ बक्षीस म्हणून चहाचे सहा मग दिले.

टाळ्या थांबल्यावर एचआरचे साहेब काकांना कोपऱ्यात घेऊन गेले. आवाज खाली आणून म्हणाले, "काका, चार दिवस झाले, घशाशी येतंय हो. काही आहे का तुमच्याकडे?"

काकांनी बक्षिसातला एक मग त्यांच्या हातात ठेवला. "ह्यात रात्री धने-जिरे भिजत घाला. सकाळी गाळून, खडीसाखर टाकून घ्या. चहाच्या आधी."

"आणि पथ्य?"

काकांनी फॉर्मची घडी घालून खिशात टाकली. "पथ्य स्तुत्य आहे, साहेब. तूर्तास शक्य नाही."