रामेनगृहप्रवेशविधी

तोक्योतील एखाद्या नावाजलेल्या रामेनगृहात, म्हणजे रश्श्यातील शेवयांच्या दुकानात, भोजन करण्याची इच्छा धरणाऱ्या महाराष्ट्रीय गृहस्थाने आरंभीच एक गोष्ट चित्तात पक्की ठसवून घ्यावी, ती ही की, आपण तेथे जातो ते अर्जदार या नात्याने. गिऱ्हाइकाची मर्जी, त्याची फुरसत, त्याच्या पोटाची प्रकृती, किंबहुना त्याच्या समागमे आलेल्या मेहुण्याची आवडनिवड, या सर्व बाबी ज्या दरबारात गैरलागू समजल्या जातात, तेथे आपल्या खानावळींतून कष्टाने कमावलेले चातुर्य, म्हणजे मालकाशी गावची ओळख काढणे, वाटी पुढे सरकवून ‘जरा रस्सा येऊ द्या’ म्हणणे आणि निघताना हिशेबात चूक काढणे, हे काडीइतकेही कामास येत नाही. १९१० साली असाकुसा भागात राइराइकेन नावाचे जे दुकान उघडले, आणि जपानी रामेनगृहांच्या वंशावळीत ज्याला मूळपुरुषाचा मान देण्याची वहिवाट आहे, त्याचे मालक ओझाकी कानइची हे योकोहामाच्या जकात खात्यातील नोकरी सोडून या धंद्यात उतरले होते. आचारी त्यांनी योकोहामाच्या चिनी वस्तीतून आणले. शिस्त मात्र, माझा असा तर्क आहे, कचेरीतून आणली. या तर्काला कोणी पुरावा मागू नये.

विधीचे पहिले अंग रांग. रांगेचे शेपूट कोठे आहे हे शोधणे हीच एक परीक्षा असते. कारण शेजारच्या दुकानाचे दार अडू नये म्हणून ती मध्येच तोडून पलीकडच्या भिंतीशी किंवा गल्लीच्या वळणावर पुन्हा जोडलेली असते, आणि तुटलेल्या जागी ‘येथे कोणीच नाही’ असे समजून निरागसपणे जो उभा राहतो, त्याच्याकडे तीस माणसे एक अक्षर न बोलता पाहू लागतात. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या आपल्या समाजाला विशेष सूचना अशी की, येथे मुखत्यारपत्र चालत नाही. चौघांनी जेवायचे असेल तर चौघांनीही उभे राहावे. एकाने उभे राहून ऐन वेळी तिघांना हाक मारणे हा पुष्कळ दुकानांत दारावर पाटी लावून निषिद्ध केलेला अपराध आहे. तेव्हा सुगामो येथे असलेल्या त्सुता या नऊ-दहा आसनांच्या दुकानाला २०१५ च्या डिसेंबरात मिशलँचा तारा मिळाला, आणि रामेनगृहाला तो मान मिळण्याची ही पहिलीच वेळ असल्यामुळे गर्दी इतकी अनावर झाली की, पहाटे जाऊन हजार येन अनामत ठेवावे, वेळ नेमून दिलेली रंगीत चिठ्ठी घ्यावी आणि त्या वेळेस पुन्हा रुजू व्हावे, अशी व्यवस्था तेथे करावी लागली. एका वाडग्यासाठी अनामत भरण्याची कल्पना ज्यास हास्यास्पद वाटेल, त्याने घरच्या पंक्तीतच समाधान मानावे.

रांग सरल्यावर अर्जदाराची गाठ यंत्राशी पडते. दाराशी उभ्या असलेल्या या कपाटवजा यंत्रात आधी पैसे घालायचे, मग बटण दाबायचे, आणि पडलेली चिठ्ठी आत नेऊन ओट्यावर ठेवायची, असा क्रम आहे. बटणांवरील लिपी वाचता येत नसल्यास घाबरण्याचे कारण नाही, कारण डावीकडील सर्वांत वरचे बटण हे बहुधा दुकानाच्या मुख्य पदार्थाचे असते, आणि मुख्य पदार्थ सोडून दुसरे काही मागणे हे नवागताला तसेही शोभत नाही. येथे प्रश्न येतो तो नोटेचा. जुलै २०२४ मध्ये जपानने नव्या नोटा काढल्या आणि लहान दुकानदारांपैकी अनेकांनी, यंत्र बदलण्याचा खर्च डोळ्यांसमोर आणून, त्या नोटांकडे काही काळ चक्क पाठ फिरवली. तस्मात जुन्या नोटा किंवा सुटी नाणी जवळ असलेली बरी. हजार येनच्या जुन्या नोटेवर नोगुची हिदेयो आणि नव्या नोटेवर कितासातो शिबासाबुरो, असे ओळीने दोन जंतुशास्त्रज्ञच आलेले आहेत. यांपैकी कितासातो म्हणजे १८९४ साली हाँगकाँगात प्लेगच्या जंतूचा माग काढणाऱ्यांपैकी एक, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी तोच प्लेग मुंबईस उतरून १८९७ साली पुण्यात रँडसाहेबाचा अंमल घेऊन आला, हे ज्याच्या लक्षात आहे, त्या पुणेकराने ती नोट यंत्राच्या हवाली करताना क्षणभर थबकणे स्वाभाविक आहे. फक्त पाठीमागचे लोक थबकण्याची कारणे ऐकून घेत नाहीत. एका वाडग्याचे मोल या एका नोटेपलीकडे जाऊ नये असा एक अलिखित दंडक जपानात दीर्घकाळ पाळला गेला. त्याला ते लोक ‘हजार येनची भिंत’ म्हणतात, आणि अलीकडे तिला तडे गेल्याबद्दल तेथे जी हळहळ चालते, ती आपल्या वडापावाच्या भावावरील चर्चेहून कमी गंभीर नसते.

शाकाहारी मंडळींसाठी हे प्रकरण आटोपशीर आहे. वर रचलेला भाज्यांचा ढीग पाहून, किंवा ‘शियो’, म्हणजे केवळ मिठाचा, असे नाव ऐकून कोणी फसू नये. खालचा रस्सा डुकराच्या हाडांचा, कोंबडीचा किंवा सुक्या माशांचा, आणि पुष्कळदा तिन्हींचा असतो, आणि ‘हाडे वगळून द्या’ ही विनंती म्हणजे गंगेत पाणी वगळून स्नान घडवा असे म्हणण्यासारखी आहे. निशी-कासाई भागात बिऱ्हाड केलेल्या मराठी कुटुंबांना ठाऊक असलेला मार्ग असा की, तोक्यो स्थानकातील टीज् तानतान या पूर्णतः निरामिष दुकानात जावे. मात्र ते दुकान तिकीट तपासणीच्या फाटकाच्या आत असल्यामुळे तेथे पोचण्यासाठी प्रथम रेल्वेचे तिकीट काढावे लागते. म्हणजे शाकाहाऱ्याचीही यंत्रापासून सुटका होत नाही.

आता ज्यासाठी हा लेखनप्रपंच, त्या कठीण प्रकरणाकडे वळू. केइओ विद्यापीठाच्या सान्निध्यात, मिता येथे, रामेन जिरो नावाचे दुकान आहे. यामादा ताकुमी यांनी १९६८ साली सुरू केलेल्या या धंद्याला विद्यार्थ्यांच्या भुकेने मोठे केले, आणि आज त्याच्या शाखांचे व त्याचे अनुकरण करणाऱ्यांचे इतके जाळे पसरले आहे की, त्याच्या भक्तगणाला ‘जिरोरियन’ अशी स्वतंत्र संज्ञा लाभली आहे. वाडग्याचे वर्णन करायचे तर तळाशी बोटाएवढ्या जाड शेवया, त्यांवर मोडाच्या कडधान्याचे कोंब व कोबी यांचा उकडलेला डोंगर, कडेला डुकराच्या मांसाचे थोर तुकडे, आणि या सर्वांवर पांढऱ्या चरबीचा अभिषेक. एवढ्याने माणूस दचकला तर हरकत नाही. खरी कसोटी वाडगा हाती पडण्याच्या अगदी आधीच्या क्षणी लागते, जेव्हा ओट्याआडून आचारी आपल्याकडे पाहून विचारतो, ‘निन्निकु इरेमास का?’ वरकरणी प्रश्न एवढाच की लसूण घालू काय. आणि सरळमार्गी मनुष्य ‘होय’ म्हणून मोकळा होतो. परंतु जाणकारांच्या मते हा प्रश्न म्हणजे संपूर्ण जबानी देण्याचे निमंत्रण आहे. भाजी (यासाई), लसूण (निन्निकु), चरबी (अबुरा) आणि खारटपणा (करामे) या चार कलमांविषयी आपले म्हणणे एका दमात, स्पष्ट उच्चारात, मागचापुढचा विचार न करता तेथल्या तेथे मांडावयाचे असते. कित्येक दुकानांत अधिक हवे असल्यास त्या कलमाला ‘मशी’ जोडावे, आणि आयुष्याविषयी औदासीन्य आले असल्यास ‘मशीमशी’. नवागताने दुसरा शब्द उच्चारू नये. तो उच्चारल्यावर वाडग्याच्या काठावरून ओसंडणारा जो पर्वत समोर येतो, तो संपवण्याची जबाबदारी सर्वस्वी उच्चारणाऱ्याची असते, आणि आपल्याकडे पानात टाकणाऱ्याकडे आजी जशी पाहते तशी येथे आचारी पाहतो, असे सांगतात. प्रश्न येण्यापूर्वीच उत्साहाने चारही कलमे म्हणून दाखवणे हाही अनुचित प्रकार होय. पुकारा झाल्यावाचून साक्षीदाराने पिंजऱ्यात चढू नये.

याच संप्रदायात वेगाचाही एक सूक्ष्म कायदा आहे. शेवया एका घाण्यात काही ठराविक वाडग्यांपुरत्या उकळल्या जातात, आणि त्या घाण्याचे भोजनकर्ते साधारण एकदम बसतात व एकदम उठतात. त्यामुळे एकजण रेंगाळला की पुढच्या घाण्याचा सारा हिशेब बिघडतो. भिंतीशी मांडलेल्या खुर्च्यांवर पाठीमागे बसलेले लोक याविषयी काही बोलत नाहीत. त्यांचे न बोलणे मानेला जाणवते.

तेव्हा झटपट खाणे प्राप्त, आणि झटपट खाण्याला भुरक्याशिवाय गत्यंतर नाही. ‘आवाज न करता जेव’ या उपदेशासह बालपणी पाठीत खाल्लेल्या धपाट्यांचे संस्कार येथे दाराबाहेर, छत्र्यांच्या घडवंचीत, ठेवून यावे. काड्यांनी उचललेल्या शेवया हवेसकट आत ओढल्या की त्या तोंड भाजण्याइतक्या गरम राहत नाहीत, आणि रश्श्याचा गंध त्याच वाऱ्याबरोबर नाकापर्यंत चढतो, अशी या नादामागची उपपत्ती आहे. शिवाय क्षारयुक्त पाण्यात मळल्यामुळे शेवयांना जो चिवटपणा आलेला असतो, तो उकळत्या रश्श्यात फार वेळ टिकत नाही. फुकुओकाच्या बारीक शेवयांचे तर आयुष्यच काही मिनिटांचे; म्हणून तेथील नागाहामाच्या मासळीबाजारात, कामगारांना खोळंबा होऊ नये अशा बेताने, थोड्याच शेवया आधी वाढायच्या आणि उरलेल्या रश्श्यात ताज्या शेवयांची भर पुन्हा घालायची, हा ‘काएदामा’ नामक शिरस्ता रूढ झाला. त्याच शहरातून निघालेल्या इचिरान या दुकानात ही भर मागण्यासाठी तोंडही उघडावे लागत नाही: फळ्यांनी आखलेल्या एकेका कप्प्यात एकेकटे बसायचे, शेवयांचा कडकपणा, लसणाचे मान इत्यादींचा छापील तक्ता भरून द्यायचा, आणि समोरचा पडदा वर करून वाडगा पुढे सारणारे हात नमस्कार करून पडदा खाली सोडतात तेवढाच मनुष्यसंपर्क. धातूची एक पट्टी बटणावर ठेवली की पूर्वी रात्री हातगाडी घेऊन फिरणारे रामेनवाले जे सनईच्या जातकुळीतले वाद्य वाजवीत, त्याची धून निघते आणि काएदामाची मागणी दाखल होते. लग्नाळू मुलांच्या मुलाखती अशा कप्प्यांत घडवून आणाव्या, अशी माझी वधूवरसूचक मंडळांना नम्र सूचना आहे.

भोजनोत्तर कर्तव्ये थोडीच आहेत. काड्या वाडग्यात उभ्या खोचू नयेत. भातात उभ्या काड्या मृतासाठी रोवतात, आणि आचारी अद्याप जिवंत असतो. रस्सा संपवणे ऐच्छिक आहे, वैद्यांना विचारल्यास अनिष्टही. रिकामा वाडगा स्वतः उचलून ओट्याच्या वरच्या फळीवर ठेवावा, समोरची जागा तेथेच ठेवलेल्या फडक्याने पुसावी, ‘गोचिसोसामा’ म्हणावे आणि उठावे. बक्षिशी ठेवू नये. ठेवल्यास ती विसरलेली रक्कम समजून कोणी गल्लीपर्यंत धावत येईल आणि रांगेची पुन्हा मोडतोड होईल. जिरोहून निघालेल्यांनी रस्त्यावरील यंत्रातून काळ्या ऊलाँग चहाची बाटली घ्यावी, कारण तो चहा चरबीचा बंदोबस्त करतो अशी भक्तांची श्रद्धा आहे. लसणाचा बंदोबस्त मात्र कोणत्याही यंत्रात मिळत नाही. त्या दिवशी घरमालकाची भेट, साहेबाची मर्जी किंवा सोयरिकीची बोलणी असतील, तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत तहकूब ठेवावीत, आणि ‘मशी’ म्हटले असल्यास तिसऱ्या.