घुम्यांचा हजेरीपट

१८४७ साली ब्रॉन्टी बहिणींनी आपल्या कादंबऱ्यांतून हीथक्लिफ आणि रॉचेस्टर असे दोन घुमे पुरुष जगाच्या गळ्यात बांधले. कपाळाला आठ्या, पोटात गुपित, जिभेला धार. तरी नायिका फिदा. दोघांच्याही घरी स्वयंपाकपाणी बघायला माणसं होती, हे कुणाच्या लक्षात राहत नाही. उदास राहायला फुरसत लागते, आणि शक्यतो उत्पन्नही.

धारवाडात तर घुमेपणाची सगळी सामग्री जमून आली होती. पाऊस, कॉलेज, इंग्रजी वाङ्मय आणि वर साक्षात जी. ए. कुलकर्णी! काळा गॉगल, सभा-समारंभांचं वावडं, भेटीपेक्षा पत्र बरं. ‘काजळमाया’ला मिळालेला साहित्य अकादमी पुरस्कारसुद्धा परत. नायकपदाला आणखी काय हवं? पण हा गृहस्थ मावसबहिणींसोबत घर सांभाळायचा आणि रोज वर्गावर इंग्रजी शिकवायला जायचा. हीथक्लिफच्या हातात हजेरीपट द्या, आठवड्यात त्याचं वादळ शमेल.

जीएंच्या कथांतली माणसंही होरपळतात, पण त्यांना गाठते ती नियती. खिडकीतून हळहळणारी नायिका नव्हे. (इथेच आमच्या होतकरू घुम्यांचा रस संपतो.) या घुम्यांनी जीएंचा फक्त गॉगल उचलला. कथा लिहायला बसावं लागतं. गॉगल हुबळीला दुर्गदबैलात घासाघीस करून मिळतो.