पहिला नंबर कुणाचा?

अहो वहिनी, कढीपत्ता न्या हवा तेवढा, फांदीच वाकवा. पण आधी सांगा, निनीचा इंजिनीअरिंगचा ऑप्शन फॉर्म भरून झाला का? काल मध्यरात्रीपर्यंत तुमच्या हॉलमधला दिवा चालू होता. मला झोप नव्हती म्हणून दिसला हो, मुद्दाम नाही बघितलं.

काय म्हणता, भाऊजींनी वालचंद पहिलं टाकलं? घराजवळ म्हणून? वालचंदला मी नावं ठेवणार नाही. 1947 सालचं कॉलेज, लांबलांबची पोरं सांगलीत खोल्या घेऊन तिथं शिकतात. पण पोरीला विचारलंत का?

कारण त्या फॉर्मची एक गंमत आहे. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला की खेळ संपला, तीच सीट घ्यायची. आणि लोक नेमकं काय करतात? गेल्या वर्षीचा कटऑफ बघतात आणि हमखास मिळणारं कॉलेज वर टाकतात. अहो, हमखास मिळणारं खाली टाकलं तरी मिळतंच की! वरची नाही लागली की कॉम्प्युटर आपला खाली उतरत येतो. वर टाकायचं ते मनातलं.

आता मनातलं कुठलं, ते मला ठाऊक आहे. तुम्हाला बोलली नाही? मग माझं नाव घेऊ नका बरं का. तिला पुण्याचं सीओईपी हवंय. 1854 सालचं, विश्वेश्वरय्या शिकले ते, असं भाऊजींना सांगा, त्यांना पटेल. पोरीला मात्र विश्वेश्वरय्यांचं काही नाही, तिची नजर मुळा नदीवरच्या बोट क्लबवर आहे. कृष्णेत पोहून वाढलेली पोर ती! तिथल्या रेगाटाचे व्हिडिओ बघत बसते गच्चीवर. हसू नका. चार वर्षं काढायची तर सकाळी उठून जावंसं वाटेल असं काहीतरी तिथं हवंच ना?

आमच्या जाऊबाईंचा मुलगा बघा. बारावीला केवढे मार्क! मोठ्या नावाच्या कॉलेजात गेला. इथं गणपतीत नाटकं बसवणारा पोरगा, तिथं अख्खं पहिलं वर्ष कुणाशी धड बोलला नाही. अभ्यास झेपत होता हो, जेवायला सोबत नव्हती. दुसऱ्या वर्षी पुरुषोत्तम करंडकाच्या तालमीला कुणीतरी ओढून नेलं, तेव्हा कुठं माणसात आला.

व्हीजेटीआय? कॉलेज एक नंबर, वादच नाही. पण दादरच्या मामांकडे ठेवणार म्हणता, ते मला नाही पटत. दोन खोल्यांत आधीच चार माणसं, ही रात्री दिवा लावून बसणार कुठं? मुंबईला पाठवायची तर होस्टेलची खात्री करून पाठवा.

आणि पॅकेजचं म्हणाल, तर जाहिरातीतला आकडा वाचूच नका. तो एखाद्याच पोराचा असतो. एनआयआरएफच्या क्रमवारीसाठी कॉलेजं माहिती भरतात, तिथं मधल्या पोराचा पगार लिहिलेला असतो. भाऊजींना तो काढायला सांगा, त्यांना आकड्यांचा नाद आहेच.

त्यापेक्षा सरळ दोघी जाऊन या पुण्याला. साध्या वारी जा, कार्यक्रमाच्या दिवशी नको, तेव्हा सगळंच गोड दिसतं. तिसऱ्या वर्षाच्या मुली गाठा. पहिल्या वर्षाला होस्टेल मिळतं का, मेसचं जेवण कसं, लॅबमध्ये हात लावू देतात की नुसतं जर्नल उतरवायचं, सरांना शंका विचारली तर ते चिडतात का, हे त्याच खरं सांगतील. तुम्ही जरा लांब उभ्या राहा, आई शेजारी असली की पोरी तोंड उघडत नाहीत.

ब्रँचचं तेवढं भाऊजींना तिच्यावर सोडायला सांगा. सगळे कॉम्प्युटर म्हणतात म्हणून कॉम्प्युटर नको. मिक्सर उघडून दुरुस्त करणारी पोर आहे ती, मेकॅनिकलला रमेल.

अगंबाई, कुकर झाला वाटतं तुमचा. पळा. पण वहिनी, एकदा कन्फर्म केला की त्या फेरीपुरता फॉर्म बदलता येत नाही हो. आज रात्री भाऊजी ते बटण दाबायच्या आत निनीला शेजारी बसवा आणि पहिला नंबर तिला टाकू द्या.