नानांचा हवाई हिशेब

मुंबईपासून सॅन फ्रान्सिस्को सरळ रेषेत साडेतेरा हजार किलोमीटर आहे, हे आमच्या सोसायटीच्या वॉचमनलाही पाठ आहे. ही नानांची कृपा. असे नाना आता कोथरूडपासून पार्ल्यापर्यंत कुठेही सापडतात: बँकेतून निवृत्त, मुलगा 'बे एरिया'त, आणि स्वतः जगातल्या यच्चयावत विमानकंपन्यांचे बिनपगारी सल्लागार.

नातवासाठी आणलेला पृथ्वीचा गोल इथेच राहिला, तो आता नानांच्या टीपॉयवर असतो. कुणी आलं की नाना वहिनींच्या शिवणाच्या डब्यातून दोरा काढतात. एक टोक मुंबईवर, तिथे नानांचा अंगठा. दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, तिथे पाहुण्याचा. दोरा ताणला की तो युरोपकडे न वळता सरळ वर चढतो आणि उत्तर ध्रुवाच्या अंगाने पलीकडे उतरतो. "बघा! भिंतीवरचा नकाशा आपल्याला जन्मभर थापा मारत आला." पाहुणा मान डोलावतो. अंगठा सोडायची सोय नसते आणि चहा समोर गार होत असतो.

नानांचा लाडका किस्सा २०१६ चा. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. मग ते उलट्या दिशेने, पॅसिफिकवरून न्यायला लागले. अंतर झालं १५,३०० च्या घरात, पण वेळ वाचला! कारण दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, ती जेट स्ट्रीम. "वारा पाठीशी असला ना, की चौदाशे किलोमीटर जास्तीचे कळतसुद्धा नाहीत," नाना म्हणतात. (बँकेतल्या बढत्याही त्यांनी याच तत्त्वावर मिळवल्या, असं त्यांचे जुने सहकारी सांगतात.) शिवाय वाटेत तारीखरेषा ओलांडायची, म्हणजे पहाटे निघून त्याच तारखेच्या पहाटे पोचायचं. यावर नाना एवढे खूश, जणू ती रेषा त्यांनीच आखून दिली आहे.

मुलगा निघाला की नाना झोपत नाहीत. मोबाइलवरचं पिवळं विमान आणि नाना, दोघेच जागे. दर तासाला आतल्या खोलीत वार्तापत्र जातं: "जपान मागे पडलं. वेग ताशी अकराशे!" वहिनी कूस बदलून विचारतात, "जेवला असेल का हो तो?" तेवढं मात्र त्या अॅपमध्ये दिसत नाही.

मुंबई विमानतळ ते पुण्यातलं घर, या दीडशे किलोमीटरवर नाना चकार शब्द काढत नाहीत. खंडाळ्याच्या घाटात जेट स्ट्रीम नसते. मुलगी तर वाकडला राहते, घरापासून पंधरा किलोमीटरवर. तिने बोलावलं की नाना म्हणतात, "येईन गं, पण फार लांब पडतं."

तेव्हा कधी नानांकडे जाणं झालंच, तर आधी चहा संपवा, मगच मुलाचा विषय काढा.