मूळचे कुठले, जी?

कामठ्याच्या आकाशात विमानांची वर्दळ असते. गोंदिया जवळ, आणि त्याहून जवळ बिरसीची धावपट्टी. इंग्रजांनी ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. युद्ध संपलं, इंग्रज गेले, धावपट्टी मात्र इथेच राहिली. आता तिथे वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं. शिकाऊ पोरगा छोटं विमान घेऊन उडतो, धानाच्या बांध्यांवरून गिरकी घेतो आणि जिथून उडाला तिथेच परत उतरतो. 2022 पासून प्रवासी विमानंही येऊ लागली, तरी आमच्या माणसाच्या मनात विमान म्हणजे हे गिरकीवालंच. रोवणीला वाकलेल्या बाया आता मान वर करून बघतसुद्धा नाहीत. एखादा म्हातारा तेवढा विचारतो, ‘‘एवढं तेल जाळून हा गेला कुठं जी?’’ कुठेच नाही, हे त्याला पटत नाही.

ज्यांना खरंच कुठेतरी जायचं असतं ती पोरं अगोदर नागपूरला जातात, मग पुण्याला, मग हैदराबादला किंवा बंगळूरला, आणि तिथून एकदम डॅलसला. दोन-तीन वर्षांनी दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला गावी आली की चौकशी सुरू होते. ‘‘तिकडं लगित थंडी असते का जी?’’ हा पहिला प्रश्न. ‘‘भात भेटते का?’’ हा दुसरा, आणि खरा. मिळतो म्हटल्यावर सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. जिथे भात मिळतो तो देश फार वाईट असू शकत नाही, असं आमच्या झाडीपट्टीचं परराष्ट्र धोरण आहे.

तिकडे महाराष्ट्र मंडळात गेलं की प्रश्न बदलतो. ‘‘मूळचे कुठले?’’ ‘‘गोंदिया जिल्हा. कामठा.’’ समोरचा सभ्यपणे हसतो. ‘‘म्हणजे नागपूर साइड!’’ नागपूरच्या पुढेही महाराष्ट्र शिल्लक आहे, ही बातमी त्याच्यापर्यंत पोचलेली नसते. त्याला तरी कसा दोष द्यावा? गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस राज्य न सोडता कोल्हापूरला जाते आणि त्यात एक दिवस पुरत नाही. तेवढ्या वेळात माणूस मुंबईहून न्यूयॉर्कला पोचून, बॅगा उचलून, मंडळाची वर्गणी भरून मोकळा होतो.

पण ‘मूळचे कुठले’ हा प्रश्न कामठ्याच्या माणसाला विचारणं धोक्याचं आहे, कारण तो खरं उत्तर देऊ लागला तर समारंभ संपून जेवणं उरकतील.

आमच्याकडे पोवार समाज मोठा. ते मूळचे धारचे, माळव्यातले. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी आधी रामटेकजवळच्या नगरधनला आले. मग चिमणाजी भोसल्यांच्या कटकच्या मोहिमेत त्यांनी साथ दिली, त्याबद्दल वैनगंगेच्या पश्चिमेला जमिनी मिळाल्या, आणि तिथून ते तिरोडा, कामठा, लांजी, रामपायली या परगण्यांत पसरले. इंग्रजांच्या काळातल्या नोंदींत ही वाट लिहिलेली सापडते. लोधी आले ते उत्तरेकडून. कामठ्याची जमीनदारी पूर्वी कुणबी घराण्याकडे होती. 1818 साली त्या घराण्यातल्या चिमणा पटेलांनी इंग्रजांविरुद्ध बंड केलं, ते मोडलं, आणि जमीनदारी लोधी घराण्याकडे गेली. तलाव बांधण्यात ज्यांचा हात कुणी धरू शकत नाही ते कोहळी तर, आख्यायिकेप्रमाणे, गोंड राजाने थेट काशीहून आणले. पाणी कुठे अडवायचं हे ठरवायला इतक्या लांबून सल्लागार आणण्याची चाल आजच्या सरकारची नाही, जुनीच आहे. या सगळ्यांच्या आधीपासून इथे होते ते गोंड. त्यांना मात्र ‘मूळचे कुठले’ हा प्रश्न कुणी विचारत नाही. इथलेच असण्याचे काही तोटे असतात, त्यातला हा एक.

बरं, जे कुठेच गेले नाहीत त्यांचंही स्थलांतर झालं. कामठ्यातला एखादा शेतकरी मध्य प्रांत आणि वऱ्हाडात जन्मला, 1950 नंतर मध्य प्रदेशात राहिला, 1956 ला मुंबई राज्यात गेला, 1960 ला महाराष्ट्रात आला, आणि 1999 च्या 1 मे रोजी भंडाऱ्यातून निघून गोंदिया जिल्ह्यात पोचला. हे सगळं त्याच खाटेवर बसून. लांजी मात्र बालाघाटात राहिली, म्हणजे सोयरे परराज्यात गेले. एवढं देशांतर करून त्याला कुणी परदेशस्थ म्हणत नाही आणि त्याच्यासाठी कुणी अधिवेशनही भरवत नाही.

अधिवेशन मात्र बघण्यासारखं असतं. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 साली स्थापन झालं, आणि दर दोन वर्षांनी तिथली मराठी माणसं एखाद्या शहरात जमतात. नाटक, जेवण, जुने मित्र, उपवर मुलामुलींची ओळख. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते तीच ही. रात्रभर दंडार किंवा नाटक, घराघरात पाहुणे, आणि नाटक कसं होतं यापेक्षा कोण आलं होतं याची चर्चा जास्त. फक्त मंडईला नावनोंदणी शुल्क नसतं आणि गळ्यात नावाची पट्टी घालावी लागत नाही, कारण प्रत्येकाला प्रत्येकाचं सगळं आधीच ठाऊक असतं.

अधिवेशनात एक चिंता हमखास निघते : पुढची पिढी मराठी बोलत नाही. हीच चिंता मॉरिशसमध्ये फार जुनी झाली. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडची माणसं उसाच्या मळ्यांत मजुरीला तिथे गेली. त्यांची पणतवंडं घरात क्रिओल बोलतात, शाळेत मराठी शिकतात, आणि गणेश चतुर्थीला तिथे देशभर सार्वजनिक सुटी असते. भाषा पातळ झाली, गणपती घट्ट राहिला. इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, लोकांनी तिथे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. चिंता वाटल्याशिवाय माणूस नियतकालिक काढत नाही.

आता गंमत बघा. कामठ्याच्या पोवार घरातला आजाही हेच म्हणतो. पोरं पोवारी बोलत नाहीत, त्यांना लाज वाटते. माळव्याहून निघालेली ही बोली वैनगंगेकाठी तीनशे वर्षं टिकली, आणि आता शाळेत, बाजारात, मोबाइलवर विरघळत चालली आहे. कशात? मराठीत, आणि थोडी हिंदीत. म्हणजे न्यू जर्सीत जी मराठी बिचारी, केविलवाणी, वाचवा-वाचवा म्हणणारी, तीच कामठ्यात इंग्रजीसारखी रुबाबात फिरते. तिच्यामुळे नोकरी मिळते आणि तिच्यामुळेच आजीचं बोलणं नातवाला कळेनासं होतं. पोवारी बोलली पाहिजे असं भाषण समाजाच्या सभेत अनेकदा मराठीतच होतं. तिकडे मराठी वाचवण्याचा आग्रह इंग्रजीत धरतात. यात ढोंग काही नाही. ज्यांना समजवायचं त्यांना समजेल अशा भाषेतच बोलावं लागतं, एवढीच अडचण.

सगळ्या जाण्याला सारखा मान मात्र मिळत नाही. 1896–97 आणि 1899–1900 च्या दुष्काळांत मध्य प्रांतातून, विशेषतः छत्तीसगडच्या बाजूने, कितीतरी माणसं आसामच्या चहामळ्यांत गेली. त्यांच्या वंशजांचं स्नेहसंमेलन इकडे कुणी भरवलं नाही. आजही रोवणी आटोपली की आमच्याकडचे मजूर जनरल डब्यात बसून हैदराबादकडे कामाला जातात. डॅलसच्या पोराचा फोटो दिवाणखान्यात लागतो, हैदराबादच्या पोराचा मनीऑर्डरीपुरता उल्लेख होतो. दोघांच्याही आया ‘जेवला का’ एवढंच विचारतात. आणि याच जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, 1972 पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. हिमालयापलीकडच्या माणसांना सरकारने विदर्भाचा मे महिना दिला. ते राहिले, शेती केली, हिवाळ्यात स्वेटर विकले. आम्ही ‘लगित थंडी असते का’ हा प्रश्न खरं तर त्यांना विचारायला हवा होता.

अजून तीनशे वर्षांनी काय होईल ते मला स्पष्ट दिसतं. आज प्रत्येक पोवार धारच्या राजा भोजाचा वंशज आहे. भोजाच्या पदरी आचारी, मोतद्दार, भालदार असतीलच, पण त्यांचा वंश बहुधा वाढला नसावा. तसंच तेव्हा न्यू जर्सीतला प्रत्येक जण कामठ्याच्या जमीनदारांचा वंशज असेल. लोकसेवा आयोगाची पूर्वपरीक्षा तीनदा हुकली म्हणून पणजोबांनी कॉम्प्युटरचा कोर्स केला, हे कुठल्याच वंशावळीत नसेल. कामठा कुणी पाहिलेलं नसेल, पण अभिमान सगळ्यांना असेल. आणि न्यू जर्सीत नवीनच कुणी कुठूनसं येऊन भाड्याचं घर शोधू लागला, की हे आपल्या अंगणात उभे राहून, जरा संशयानेच, विचारतील : मूळचे कुठले तुम्ही?